जुना ज्युनो ठेवू की नवा पॉली घेऊ? झाडीपट्टीच्या मंचावर ॲनालॉग सिंथ

वैनगंगाकाठ

नमस्कार मंडळी. मी वडशाकडचा. दिवाळी ते होळी पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत सिंथ (सिंथेसायझर) वाजवतो, बाकी वर्षभर धान. आमच्याकडचं नाटक पाहिलेल्यांना माहीत आहे, वादक मंचासमोर खाली बसतात. ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड आणि कडेला मी. पडदा दहा-साडेदहाला उघडतो आणि शेवटचा अंक संपेपर्यंत कोंबडं आरवलेलं असतं.

माझ्याजवळ रोलँडचा ज्युनो-106 आहे, 1984 चं मॉडेल, पॉली म्हणजे एका वेळी अनेक सूर वाजवणारा, यात सहा. गावातल्या एका जुन्या ऑर्गनवादकांनी हात थरथरायला लागल्यावर तो माझ्या हवाली केला. आम्ही सगळे त्यांना आबाजी म्हणतो. "विकू नको, वाजव" एवढंच बोलले. यंदा जानेवारीत त्यातला एक व्हॉइस, म्हणजे एक सूर वाजवणारा भाग, गेला. गेला म्हणजे कसा ते सांगतो. एकेक सूर वाजवत गेलं की पाच सूर नीट येतात, सहावा येतच नाही. पुन्हा पाच, पुन्हा एक खड्डा. करुण प्रसंगात सुरावट धरली की तो खड्डा कोणत्या सुरावर पडेल ते मलाच माहीत नसतं. गाणारी मुलगी दर वेळी वळून माझ्याकडे पाहायची. तो मोसम मी कसा काढला ते मलाच माहीत.

आता मंडळाचे मालक म्हणतात, नवं यंत्र घे, पैसे मी लावतो, मोसमाच्या मानधनातून फेड. आरमोरीच्या एका मित्रानं त्याचा बेहरिंजर डीपमाइंड 12 आठवडाभर माझ्याकडे ठेवला आहे. दोन्ही ओसरीत शेजारी शेजारी मांडून वाजवून राहिलो. जुन्याचा आवाज मला भरीव वाटतो. नव्याचा स्वच्छ आहे, पण अंगाला लागत नाही.

तुम्ही सांगा. जुन्यात खरंच काही आहे, की आबाजींच्या मायेनं माझे कान तसं ऐकतात?

कैया_रांगा

भाऊ, मी पुसदकडे ॲम्प्लिफायर, मिक्सर, कीबोर्ड दुरुस्त करतो. आधी मेलेला व्हॉइस कोणता ते पक्कं करा. ज्युनो बंद करा. की ट्रान्स्पोजचं बटण दाबून धरा आणि तसंच धरून चालू करा. यंत्र टेस्ट मोडमध्ये जातं. मग एकेक सूर दाबा. आकड्यांच्या खिडकीत 1 ते 6 पैकी आकडा येईल, तो आत्ता वाजणारा व्हॉइस. ज्या आकड्याला आवाज नाही किंवा खरखर आहे, तो कागदावर लिहून ठेवा.

त्याच्या आत सहा काळ्या चिप्स आहेत, नंबर 80017ए. एका चिपमध्ये एका व्हॉइसचा फिल्टर आणि ॲम्प्लिफायर. नीट पाहिलं तर ती चिप नाहीच, बोटभर पाटीवर बारीक पार्ट बसवून वरून रेझिनचा काळा लेप दिलेला आहे. वर्षं गेली तसा तो लेप वीज पाझरू देतो आणि जिथं व्होल्टेज पोचायला नको तिथं पोचतं. यात कोणाची चूक नाही. 1984 साली कोणी चाळीस वर्षांचा हिशेब धरून यंत्र बनवत नव्हतं. उपाय दोन आहेत. ती चिप काढून ॲसिटोनमध्ये दोन-तीन दिवस बुडवून ठेवायची, लेप मऊ पडला की हलक्या हातानं सोलायचा आणि परत बसवायची. नाहीतर आता नव्यानं बनवलेल्या पर्यायी चिप्स मिळतात, त्या लावायच्या. दोन्ही कामं कैया (सोल्डरिंगची सळई) आणि रांगा (सोल्डर) धरता येणाऱ्या माणसाला जमतात.

तोवर एक करा. पॉली 1 वर यंत्र पाळीपाळीनं सगळे व्हॉइस फिरवतं, म्हणून तुमचा दर सहावा सूर जातो. पॉली 2 वर टाका. एकेरी सुरावट मग पहिल्या व्हॉइसवरच राहते. आधीच्या सुराची शेपटी तुटेल, पण खड्डा पडणार नाही.

आणि आवाजाचं म्हणाल तर दोन्ही यंत्रं पुन्हा ऐका, पण ज्युनोचं कोरस (आवाज दाट करणारा इफेक्ट) बंद करून. डीपमाइंडचे सगळे इफेक्ट बंद. मग लिहा.

तीन_व्हीसीओ

वैनगंगाकाठ, प्रश्न चांगला आहे, पण ज्युनोवरून सगळ्या जुन्या पॉलींचा न्याय करू नका. ज्युनो हा त्या घराण्यातला सर्वांत शिस्तीचा.

थोडं मागं जातो. 1975 ला ओबरहाइमचा फोर व्हॉइस आला. त्यात चार स्वतंत्र सिंथ एका पेटीत बसवलेले होते आणि प्रत्येकाची बटणं वेगळी फिरवायची. 1977 ला यामाहाचा सीएस-80, आठ व्हॉइस, प्रत्येक बोटाचा दाब वेगळा ओळखणारा, वजनानं भलताच जड. तुमच्या टेम्पोत चढवायला चार गडी लागले असते. मग 1978 ला सिक्वेन्शियल सर्किट्सचा प्रॉफेट-5. डेव्ह स्मिथ यांनी त्यात मायक्रोप्रोसेसर घातला, आणि जमवलेला आवाज एका बटणात साठवून पुन्हा तसाच बोलावता येऊ लागला. नाटकवाल्यानं याची किंमत ओळखावी. अंक बदलला की आवाज बदलायला तुम्हाला किती सेकंद मिळतात? 1981 ला रोलँडचा ज्युपिटर-8, आठ व्हॉइस, सोळा ऑसिलेटर (सुराची लहर तयार करणारे भाग). आपल्याकडे चरणजित सिंग यांनी 1982 च्या आपल्या रागांच्या रेकॉर्डवर हाच ज्युपिटर-8 टीबी-303 (बेसचं यंत्र) आणि टीआर-808 (तालाचं यंत्र) सोबत वाजवला. म्हणजे पॉली सिंथवर राग ही काही आजची गोष्ट नाही.

या सगळ्यांत व्हीसीओ आहेत, व्होल्टेजवर चालणारे ऑसिलेटर. दोन व्हीसीओ एका सुरात कधीच तंतोतंत बसत नाहीत, आणि सगळा जीव तिथंच आहे. 1983 ला यामाहाचा डीएक्स-7 आला, तो डिजिटल. तंतोतंत, हलका, सुरात पक्का. बघता बघता ॲनालॉग पॉली दुकानांतून उठले. आज लोक त्यांच्याकडे परत येतात ते कशासाठी? त्या तंतोतंत नसण्यासाठीच. ज्युनोत व्हीसीओ नाहीत. म्हणून मी म्हणतो, तुमची तुलना जुनं विरुद्ध नवं अशी नाहीच.

वैनगंगाकाठ

@कैया_रांगा, टेस्ट मोड चालला. चौथा मेला आहे, आणि दुसऱ्यावर बारीक खरखर आहे जी मला आजवर ऐकूच आली नव्हती.

कोरस बंद करून ऐकलं. खरं सांगतो, मी बराच वेळ नुसता बसून राहिलो. ज्युनो एकदम सडपातळ झाला. डीपमाइंड उलट जास्त भरलेला, कारण त्यात प्रत्येक सुराला दोन ऑसिलेटर आणि माझ्यात एकच. ज्याला मी बारा वर्षं ज्युनोचा आवाज म्हणत होतो, तो अर्ध्याहून जास्त त्या कोरसचा निघाला.

पण सगळा नाही. कोरस बंद असतानासुद्धा एकच सूर सहा वेळा वाजवला तर (म्हणजे पाच वेळा) प्रत्येक वेळी थोडा निराळा येतो. एक जरा बंद तोंडानं, एक उघड्या. हे काय आहे?

कैया_रांगा

बरोबर ऐकलं तुम्ही. आधी कोरस. विहिरीपासून पेटलेल्या गंजीपर्यंत माणसं रांगेत उभी राहून हातोहात बादल्या देतात ना, तशी ती चिप आहे. नंबर एमएन3009, आत 256 टप्पे. आवाजाचा एकेक घोट एका कपॅसिटरमधून दुसऱ्यात ओतला जातो आणि शेवटी थोडा उशिरा बाहेर पडतो. ओतण्याचा वेग हळूहळू कमी-जास्त केला की उशिरा येणारा आवाज मूळ आवाजापासून लांब-जवळ होत राहतो. डाव्या-उजव्या बाजूला एकेक अशा दोन चिप्स आहेत. थोडी सूंऽ येते, तीही त्याच बादल्यांची.

आणि प्रत्येक सूर निराळा का, तर सहा व्हॉइसचे सहा फिल्टर वेगवेगळे. कारखान्यात पेचकसानं जुळवलेले असतात, वर्षांनी थोडे थोडे सरकतात. तुमच्या ज्युनोत सूर पक्का आहे, पण रंग सरकतो. तीन_व्हीसीओ म्हणतात त्या यंत्रांत सूरही सरकतो आणि रंगही.

ज्युनोत सूर का सरकत नाही? त्यात डीसीओ आहे, डिजिटल ताब्यात चालणारा ऑसिलेटर. 8 मेगाहर्ट्झचा एक स्फटिक टिकटिक करतो, 8253 नावाचे टायमर त्या टिकटिकीला पाहिजे त्या आकड्यानं भागतात आणि प्रत्येक लहरीला सांगतात, आता परत शून्यापासून सुरू कर. लहर बनते ती कपॅसिटर भरण्यातूनच, म्हणजे ॲनालॉगच. फक्त वेळ डिजिटल. डीपमाइंडमध्येही हीच रीत. म्हणून तुमची दोन यंत्रं चुलत भाऊ आहेत, मध्ये तीस वर्षांचं अंतर.

चारच_व्हॉइस

मी वर्ध्याजवळ राहते, एम.ए. संगीत करतेय. माझ्याकडे कॉर्गचा मिनीलॉग एक्सडी आहे, 2019 चं मॉडेल. नावाप्रमाणे चारच व्हॉइस आणि 37 बारीक पट्ट्या. त्यात खरे व्हीसीओ आहेत, प्रत्येक व्हॉइसला दोन. म्हणजे नवं यंत्र म्हणजे आवाज थंडच, असं नाही हो.

मी तो घेतला एका वेगळ्याच कारणासाठी. त्यात प्रत्येक सूर वेगळा जुळवता येतो. पेटीवर तोडीचा कोमल रिषभ लावताना जी चीड येते ती इथं येत नाही. गंधार थोडा खाली, रिषभ थोडा खाली, ते साठवून ठेवायचं आणि रागाप्रमाणे बोलवायचं. हे जुन्या ज्युनोत करताच येत नाही. दादा, तुमच्या नाटकात नाट्यगीतं असतात ना? मग हाही विचार करा.

पेटीवाली

मी अमरावती जिल्ह्यात शाळेत गाणं शिकवते, घरी पेटीचे वर्ग घेते. सिंथमधलं तुमच्याइतकं कळत नाही, पण तंतोतंत नसण्याविषयी सांगते.

तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा घ्या. दोन्ही षड्जात. शिकाऊ मुलगी त्या अगदी एक करायला बघते. झाल्या एक, की तंबोरा मुका होतो. जाणती बाई त्या केसभर वेगळ्या ठेवते. त्या दोन तारांत मग एक संथ हेलकावा येतो, आणि त्यावर गळा ठेवता येतो. माझ्या भाच्यानं मला हे आकड्यांत दाखवलं. 440 हर्ट्झवर बसलेल्या सुरात 2 सेंटचा (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) फरक ठेवला की दोन सेकंदांना एक हेलकावा. 5 सेंट झाले की सेकंदाला सव्वा. 20 सेंट झाले की सेकंदाला पाच, आणि तो मग हेलकावा राहत नाही, थरकाप होतो. मी स्वतः मोबाइलच्या ट्यूनरवर करून पाहिलं, तसंच आहे.

म्हणून मला विचाराल तर, सरकतं किंवा सरकत नाही हा प्रश्नच नाही. किती सरकतं आणि कुठं थांबतं, हा आहे. गाणारीच्या मागं धरलेला सूर दोन-चार सेंटांत हलला तर ती त्यावर विसावते. रात्रभरात वीस सेंट गेला तर तिची पट्टीच सुटते, आणि लोक म्हणतात बाई बेसूर गायली. ती काळी चारात गात असते हो, आधीच ताणावर.

तीन_व्हीसीओ

पेटीवाली ताई, हे मी माझ्या वहीत उतरवून घेतलं.

नव्या यंत्रांनी हाच धागा पकडला आहे. 2020 ला प्रॉफेट-5 पुन्हा आला, चौथी आवृत्ती. त्यात व्हिंटेज नावाचं एक बटण आहे. 4 वर ठेवलं की सगळे व्हॉइस एका ओळीत, 1 कडे नेत गेलं की सुरुवातीच्या आवृत्तीसारखे विस्कटलेले. शिवाय एका कळीनं फिल्टरही बदलतो, पहिल्या दोन आवृत्त्यांचा किंवा तिसऱ्या आवृत्तीचा. डेव्ह स्मिथ यांनी 1978 चं आपलंच यंत्र बेचाळीस वर्षांनी पुन्हा केलं, आणि दोन वर्षांत ते गेले. 2022 च्या ओबरहाइम ओबी-एक्स8 मध्येही असंच बटण आहे. डीपमाइंडच्या मेनूत ऑसिलेटर ड्रिफ्ट (सूर किंचित सरकत ठेवणं) म्हणून आहे, शोधा.

मात्र किमती पाहा. तो प्रॉफेट आला तेव्हा 3,499 डॉलर, ओबी-एक्स8 4,999 डॉलर, 2018 चा सोळा व्हॉइसचा मूग वन 7,999 डॉलर. वर आयात शुल्क. डीपमाइंड 999 ला आला होता आणि पहिला मिनीलॉग 500 ला. धानाच्या पैशात बसणारे हे शेवटचे दोनच.

वैनगंगाकाठ

ड्रिफ्ट सापडलं. थोडंसंच चढवलं, आणि जे अंगाला लागत नव्हतं ते लागायला लागलं. आता मी जास्तच गोंधळात आहे.

एक विचारतो. समजा कोणी मला उद्या खरा जुना व्हीसीओवाला दिला. आमची रात्र कशी असते? डिसेंबरात संध्याकाळी पाचला साउंड चेक, अंगात स्वेटर नसतो. पहाटे चारला शेकोटीशिवाय बोटं वळत नाहीत. पंधरा-सतरा अंशांचा फरक सहज. तिथं त्याचं काय होईल?

कैया_रांगा

हेच सगळ्यात मोठं आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

व्हीसीओत एका व्होल्टला एक सप्तक असा हिशेब. तो व्होल्ट आत एका ट्रान्झिस्टरपर्यंत जातो तेव्हा 18 मिलिव्होल्ट उरतो. म्हणजे सा पासून वरच्या सा पर्यंतचा सगळा प्रवास 18 मिलिव्होल्टांत. आणि हा 18 चा आकडा थेट तापमानावर बसलेला. 10 अंशांनी तापमान बदललं की तो 3.3 टक्के बदलतो. काहीच भरपाई नसेल तर मधल्या सुरापासून तीन सप्तकं दूर गेल्यावर फरक एका अर्धस्वराच्या वर जातो. सा धरायला जाल तर कोमल रिषभ.

म्हणून त्या ट्रान्झिस्टरला चिकटवून एक खास रेझिस्टर बसवतात जो त्याच प्रमाणात बदलतो आणि हिशेब भरून काढतो. कर्टिसच्या सीईएम3340 चिपमध्ये ही भरपाई आतच होती, तिसऱ्या आवृत्तीचा प्रॉफेट त्यावरच. वर ट्यून बटण. दाबलं की मायक्रोप्रोसेसर एकेक ऑसिलेटर मोजतो, किती चुकला ते लिहून ठेवतो आणि तेवढं वजा करतो. पण ते जुनं यंत्र स्वतःहून करत नाही, तुम्हाला दाबावं लागतं, आणि तेवढा वेळ ते वाजत नाही. दोन प्रवेशांच्या मध्ये आठवणीनं दाबाल तर रात्र निघेल. अंक रंगात आला आणि विसरलात, तर पेटीवाली ताईंचे वीस सेंट झालेच समजा.

आणि असं जुनं व्हीसीओवालं यंत्र पार्ट बदलायला माझ्याकडे आलं तर मी हात लावीन, पण प्रामाणिकपणे सांगतो, मोसमाच्या मध्ये तो नग मंचावर नेऊ नका. ज्युनोचा स्फटिक ना शेकोटी ओळखतो ना मे महिना.

नवेगावबांध

मी डेकोरेशन आणि साउंडचं काम करतो, नाटकांना जनरेटर देतो. तुमच्या चर्चेत लाईनचा विषय आला नाही म्हणून लिहितो.

गावात कृषिपंप चालू झाले की मीटर 170 दाखवतो, बंद झाले की 250 च्या वर. जनरेटरवर हॅलोजन एकदम पेटवले की झटका बसतो. गेल्या वर्षी एका पोराचा नवाकोरा सिंथ, कंपनीचं नाव घेत नाही, न्यूट्रल तुटल्यावर एका क्षणात गेला. दुरुस्तीला दिला तिथून उत्तर आलं, बोर्डच बदलावा लागेल. बोर्ड आला नाही. यंत्र अजून कपाटात आहे.

कैया_रांगा

नवेगावबांध भाऊंनी मुद्द्याची गोष्ट काढली. यात दोन्ही पिढ्यांचं उलटसुलट आहे.

जुन्यात लोखंडी ट्रान्सफॉर्मर. लाईन 170 ला उतरली की आतल्या रेग्युलेटरला लागणारी वरची शिल्लक संपते आणि आवाजात घुंऽऽ शिरतं, कधी आवाजाच्या जागा आपोआप बदलतात. पण यंत्र मरत नाही. लाईन चढली की पुन्हा ठीक. आणि रेग्युलेटर गेलाच तर तो कोणत्याही तालुक्याच्या दुकानात मिळतो.

नव्या बहुतेक यंत्रांत स्विच-मोड पुरवठा, 100 ते 240 व्होल्ट. 170 ला त्याला काहीच वाटत नाही, शांत चालतो. पण वरचा झटका त्याला सोसत नाही. आणि पाटीवरचे पार्ट तांदळाच्या कणीएवढे. मी सूक्ष्मदर्शकाखाली करतो, पण सर्किटचा नकाशाच मिळत नाही. ज्युनोचा सर्व्हिसचा नकाशा माझ्याकडे छापलेला आहे, चहाचे डाग पडलेला. कोणता पाय कुठं जातो ते बोट ठेवून सांगतो.

म्हणून दोन्हींसाठी सांगतो: सर्व्हो स्टॅबिलायझर घ्या, मागं सर्ज प्रोटेक्टर लावा, आणि प्रत्येक गावात अर्थिंगची सळई स्वतः ठोका, तिथं बादलीभर पाणी ओता. इन्व्हर्टर लावत असाल तर शुद्ध साइन वेव्हचा, नाहीतर जुन्या ट्रान्सफॉर्मरची गुरगुर ऐकाल. ज्युनोच्या मागचं लेबल आधी वाचा. 100 व्होल्टचा जपानी नग आपल्या लाईनीत थेट लावला तर दुसरी संधी मिळत नाही.

आणि सेल! ज्युनोत सीआर2032 असतो, आवाजांची आठवण त्यावर टिकते. बदलण्याआधी सगळे 128 आवाज टेपच्या जॅकमधून बाहेर काढून ठेवा. टेप नको, मोबाइलवर रेकॉर्ड करा, फक्त डब्ल्यूएव्ही फाइलमध्ये. एमपी3 केलीत तर परत भरताना नाकारतो. हा सेल तरी वाळतो फक्त. 1981 च्या कॉर्ग पॉलिसिक्समधला निकेल-कॅडमियमचा सेल पाझरून खालच्या पाटीचे तांब्याचे रस्ते खाऊन टाकतो. कोणाच्या घरी पडून असेल तर आजच उघडून पाहा.

गडमंदिर

इतकं सगळं करण्यापेक्षा लॅपटॉपवर सॉफ्टवेअर का नको? आवाज जवळपास तोच.

वैनगंगाकाठ

@गडमंदिर, दादा, केलं होतं दोन मोसम. धूळ आणि दव. पहाटे लॅपटॉपच्या पट्टीवर पाणी साचतं. आणि मंचावर नटी रडायला लागली की मला फिल्टरची सरकपट्टी बोटाखाली हवी असते. डोळे तिच्यावर असतात, पडद्यावर नाही.

चारच_व्हॉइस

हे अगदी पटलं. ज्युनोच्या सरकपट्ट्या डोळे मिटून सापडतात. डीपमाइंडवरही बऱ्याच आहेत, म्हणून तो बरा.

वैनगंगाकाठ

मंडळी, उशीर झाला, रोवणीत अडकलो होतो. पण तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मागच्या आठवड्यात आबाजींना घरी आणलं. ओसरीत धोतराचा पडदा बांधला, मागं दोन्ही यंत्रं. दोन्ही एकाच मिक्सरमधून, आवाज सारखा मोजून. ज्युनो कोरससकट, डीपमाइंड त्याच्या कोरससकट आणि थोड्या ड्रिफ्टसकट. आवाज हातानं जमवला होता, तासभर लागला. बहीण बोट दाखवायची की आता कोणतं वाजव. एकदा दुपारी उकाड्यात, एकदा पहाटे साडेचारला आबाजी उठल्यावर.

धरून ठेवलेले सूर वाजवले तेव्हा आबाजी चुकले. दहापैकी पाचदा बरोबर, पाचदा चूक. मीही पडद्याबाहेर बसून बहिणीला वाजवायला लावलं, माझंही तेच. मग मी नांदीनंतरची ती हळू चाल वाजवली, जिच्यात डाव्या हाताचे सूर धरून उजवा हात फिरतो. आबाजी लगेच म्हणाले, "हा आपला." पुन्हा बदललं. "हा दुसरा." सहाच्या सहा वेळा बरोबर.

मी विचारलं, आबाजी, कशावरून? म्हणाले, "आपला श्वास घेते. तो दुसरा सोडतच नाही."

मी दोन दिवस याचा विचार केला आणि मग सापडलं. माझ्या ज्युनोत सध्या पाचच व्हॉइस. तो पॉली 2 वर आहे, म्हणून डाव्या हाताचे चार धरले की उजव्याच्या सुरांना एकच व्हॉइस मिळत राहतो. नवीन सूर दाबला की आधीच्याची शेपटी कापली जाते. बारा व्हॉइसच्या यंत्रात शेपट्या एकावर एक साचत जातात. आबाजींना ऐकू येत होता तो फिल्टर नाही, कोरस नाही, तो अपुरेपणा. पहिल्या बोटाला जागा करून द्यायला दुसरं बोट उठतं, तसा. ऑर्गनवाले आयुष्यभर भात्याच्या हवेवर वाजवतात, त्यांना ते लगेच ओळखू येतं. मग डीपमाइंडवर मी आवाजाची शेपटी आखूड केली, डाव्या हाताचे सूर चारवरून तीनवर आणले आणि पुन्हा पडदा लावला. आबाजी गप्प बसले. मग म्हणाले, "आता दोन्ही आपलेच वाटतात, पुन्हा वाजव."

म्हणून माझं मत आता असं झालं आहे. व्हीसीओवाला जुना मी घेणार नाही, आमची रात्र त्याला झेपणार नाही. डीसीओ जुना की नवा, यात आवाजापेक्षा वाजवणं जास्त मोजलं जातं. आणि रात्री दोन वाजता यंत्र बंद पडलं तर ते उघडणारा माणूस कोण, हेही.

मालकांशी बोललो. मित्राचा डीपमाइंड तो विकतोच आहे, तो घेतोय, हप्त्यानं. ज्युनो विकत नाही. तीन_व्हीसीओंनी सुचवलं नाही, पण त्यांच्या इतिहासामुळं डोक्यात आलं: दोन्हींना पाच पिनांची मिडी (एका यंत्रावरून दुसरं वाजवायची जोडणी) आहे. 1983 ला ठरलेली वायर, आजही तशीच लागते. खालून डीपमाइंडच्या पट्ट्या, त्यातून वायर ज्युनोला. बोटाचा जोर डीपमाइंड ओळखतो, ज्युनो ओळखत नाही, त्यामुळे हलक्या हातानं वाजवलं की ज्युनो पुढं येतो आणि जोर लावला की डीपमाइंड त्याला झाकतो. हे मला कोणी शिकवलं नव्हतं, काल रात्री पंख्याखाली बसून सापडलं.

पेटीवाली

हे वाचून मी वर्गातल्या मुलींना मोठ्यानं वाचून दाखवलं. आबाजींना नमस्कार सांगा.

कैया_रांगा

भाऊ, शेपटीचं पटलं. पण चौथा आणि दुसरा व्हॉइस दुरुस्त झाल्यावर सहा होतील, मग आबाजींना फरक जाणवेल का ते पुन्हा पडदा बांधून पाहा. मला खरंच जाणून घ्यायचं आहे. पर्यायी चिप्स माझ्याकडे दोन पडल्या आहेत. सहाही एकदम बदलू नका, नाहीतर सगळे फिल्टर एकसारखे होतील. चार जुन्याच राहू द्या.

वैनगंगाकाठ

पुसदला जाऊन आलो. ज्युनो मांडीवर घेऊन एसटीनं, वरून दोन गोधड्या. कैया_रांगांनी माझ्यासमोर चौथी चिप काढली, पाय एकेक करून तापवले, रांगा ओढून घेतला, नवी बसवली, दोन नंबरचीही तशीच. सेलसाठी खाच लावून दिली, आता पुढच्या वेळी कैया लागणार नाही. पैसे फक्त चिप्सचे घेतले. मग टेस्ट मोडमध्ये मी एकेक सूर दाबत गेलो. 1, 2, 3. खिडकीत 4 आला आणि सूर आला. तो थोडा उघड्या तोंडाचा आहे, बाकीच्यांपेक्षा उजळ. त्यांनी पेचकस उचलला होता जुळवायला, मी म्हटलं राहू द्या.

भाऊबिजेनंतरचा पहिला प्रयोग आरमोरीच्या बाजूला आहे. जो येईल त्यानं पहिल्या अंकाआधी मंचासमोर उजवीकडे यावं, मी तिथंच असतो. पेटीवाली ताई, गाणारीची पट्टी काळी चारच आहे.